रिपोर्ट तर नॉर्मल होते…

पन्नाशीच्या आतला माणूस हार्ट अटॅकने गेला की भेटायला आलेल्यांच्या बोलण्यात दोन वाक्ये हमखास येतात. ‘सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं हो’ हे एक, आणि ‘परवाच सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा खरी असतात. त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र घातक असतो, की हे सगळे नशिबावर आहे, तपासून-मोजून काही होत नाही. प्रत्यक्षात ज्या आजारांची पूर्वचिन्हे माणसाने अगदी बारकाईने मोजली, त्यांत हृदयविकार पहिल्या रांगेत बसतो. त्या मोजमापातून हाती आले ते असे, की जोखीम कुठल्याही एका आकड्यात बसलेली नसते. तीन-चार मध्यम आकडे एकमेकांना गुणत जातात, त्या गुणाकाराला वर्षे लागतात, आणि आपल्याकडच्या शरीरांत हा हिशेब लवकर सुरू होतो.

इथे हृदयविकार म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांचा आजार. लहानपणी येणाऱ्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब होणे, जन्मतः हृदयात छिद्र असणे, ठोक्यांची लय बिघडणे या गोष्टी वेगळ्या, त्यांची कारणेही वेगळी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या राज्यनिहाय अभ्यासानुसार १९९० साली देशातल्या एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होत. २०१६ साली हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर गेले. यातला मोठा वाटा करोनरी आजाराचा आणि पक्षाघाताचा.

‘जोखीम घटक’ ही कल्पनाच तशी अलीकडची. १९४०च्या दशकापर्यंत वयाबरोबर रक्तदाब वाढणे स्वाभाविक आहे असे नामांकित डॉक्टरही मानत. धमन्या ताठर झाल्या की रक्त पुढे ढकलायला दाब वाढायलाच हवा, अशी समजूत होती. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकल्याची लक्षणे स्पष्ट दिसत होती. दाब उतरवणारे धड औषध तेव्हा हाताशी नव्हते. याच प्रकृतीत त्यांनी चौथी निवडणूक लढवली, याल्टाच्या परिषदेचा प्रवास केला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दुपारी दाब ३००/१९० मोजला गेला. महायुद्ध लढवणाऱ्या देशाच्या प्रमुखाचा बीपी वर्षभर डोळ्यांदेखत चढत होता आणि तो आटोक्यात आणण्याचे ज्ञान कुणाकडे नव्हते.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात ५२०९ स्त्री-पुरुषांची नावनोंदणी करून एक अभ्यास सुरू झाला. त्याची रीत साधी आणि त्या काळाच्या मानाने धाडसी होती. आजारी माणसाला ‘तुम्ही काय खात होता’ असे मागाहून विचारण्याऐवजी धडधाकट माणसे निवडायची, त्यांचे वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेटी सगळे लिहून ठेवायचे, दर दोन वर्षांनी पुन्हा बोलवायचे आणि कुणाला काय होते याची वाट पाहायची. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या नोंदींवरून लेख लिहिला आणि जोखीम घटक हा शब्द वैद्यकात रुळला. चढा रक्तदाब, चढे कोलेस्टेरॉल, सिगारेट, मधुमेह या आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेल्या गोष्टी त्या गावाच्या चिकाटीतून पक्क्या झाल्या. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. ती माणसे जवळजवळ सगळी गोरी होती. त्यांच्यावरून बेतलेले गणित दक्षिण आशियातल्या माणसाला लावले की जोखीम बहुधा कमी दिसते. म्हणूनच ब्रिटनमध्ये आज डॉक्टर वापरतात त्या क्यूरिस्क या गणितात माणूस कोणत्या वंशाचा हाही रकाना असतो.

आता ‘नॉर्मल’ या शब्दाकडे वळू. २००२ मध्ये सुमारे दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की ४० ते ६९ वयोगटात वरचा रक्तदाब ११५ पासून पुढे दर २० अंकांनी वाढला की हृदयविकाराने मरण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. म्हणजे १३८ हा आकडा रिपोर्टवर ठळक अक्षरांत येत नाही, पण तो ११८ सारखा निर्धोकही नाही. १४० ही रेघ औषध कधी सुरू करायचे हे ठरवायला माणसांनी ओढली आहे, शरीराला ती माहीत नाही. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे तसेच, रक्तातल्या साखरेचेही बरेचसे तसेच. बीपी १३६, एलडीएल १४०, जेवणाआधीची साखर ११५ आणि पोट सुटलेले अशा माणसाच्या कागदावर लाल शाई फारशी उमटत नाही. ‘बॉर्डरला आहे, सांभाळा’ एवढे ऐकून तो घरी येतो. चार बॉर्डर एकाच अंगात आल्या की काय होते ते सांगणारा रकाना त्या कागदावर नसतो.

दुसरा घोळ तपासणीच्या स्वरूपातच आहे. धमनी म्हणजे घरातला नळ आणि आत साचलेला थर म्हणजे गाळ, हे चित्र आपल्या मनात घट्ट बसले आहे. पण थर नळाच्या आतल्या पृष्ठभागावर चढत नाही, तो भिंतीच्या आत वाढतो. एलडीएलचे कण आतल्या नाजूक अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथेच अडकतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून मरतात, त्या मऊ ढिगावर तंतूंचे पातळ आवरण तयार होते. धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगून वाट मोकळी ठेवते, त्यामुळे आतला मार्ग वर्षानुवर्षे जवळजवळ पूर्ववत दिसतो. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट रक्तप्रवाह अडला की बोलते, तोपर्यंत ती गप्प. आणि बरेचसे झटके याच कमी अडथळ्याच्या जागी येतात. पातळ आवरण फाटते, आतला ऐवज रक्ताला लागतो, काही मिनिटांत गुठळी धरते आणि कालपर्यंत निम्म्याहून अधिक उघडी असलेली धमनी बंद पडते. आदल्या आठवड्यात स्ट्रेस टेस्ट ‘निगेटिव्ह’ आलेल्या माणसाला झटका येतो तो असा. मशीन चुकलेले नसते. त्या मशीनला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

हे थर किती लवकर सुरू होतात याचा धक्का वैद्यकाला १९५३ मध्ये बसला. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनात ७७ टक्क्यांच्या करोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. त्यांचे सरासरी वय होते २२.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत आज पुरावा इतका भक्कम आहे की त्यावरच्या व्हॉट्सअॅपी शंका वाचून वाईट वाटते. निकोलाय अनिचकोव्ह यांनी १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर निर्माण केले. एलडीएल रक्तातून उचलणारे ग्राहक शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल मिळाले. सर्वांत बोलका पुरावा निसर्गाने दिला. पीसीएसके९ या जनुकात बिघाड असल्याने ज्यांचे एलडीएल जन्मापासूनच सुमारे २८ टक्के कमी होते, अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांत करोनरी आजार ८८ टक्के कमी आढळला, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टॅटिनच्या गोळ्यांनी एलडीएल ३९ अंकांनी उतरले तर झटका-पक्षाघाताचे प्रमाण काही वर्षांत साधारण एक पंचमांशाने घटते. जन्मभर कमी राहिले तर फायदा कितीतरी मोठा. यातून कळते ते असे, की आकडा किती होता याच्याइतकेच तो किती वर्षे होता हेही मोजावे लागते.

सगळेच ‘घटक’ या कसोटीला उतरले नाहीत हेही सांगायला हवे. एचडीएल म्हणजे ‘चांगले कोलेस्टेरॉल’ कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, ही नोंद खरी. पण ते वाढवणाऱ्या टॉरसेट्रॅपिब या औषधाची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. रक्तातले होमोसिस्टीन जीवनसत्त्वांनी उतरवले तरी झटके थांबले नाहीत. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेही तेच. काही गोष्टी आजाराबरोबर चालतात, आजार घडवत नाहीत. पॅथॉलॉजी लॅबच्या ‘हार्ट पॅकेज’मधले निम्मे रकाने या जातीचे असतात आणि त्यांच्यावर खर्च झालेले पैसे घरात एक चांगले बीपी मशीन आणायला पुरले असते.

या सगळ्याची जागतिक बेरीज मांडली ती २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत पहिला झटका आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि जवळपास तितकीच निरोगी माणसे यांची तुलना झाली. धूम्रपान, रक्तातल्या चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय या नऊ गोष्टींनी जगभरच्या झटक्यांतला ९० टक्क्यांहून अधिक भाग उलगडला. खरी गंमत गुणाकारात दिसते. एकट्या धूम्रपानाने धोका सुमारे २.९ पट, मधुमेहाने २.४ पट, रक्तदाबाने १.९ पट. तिन्ही एकत्र आले की १३ पट, आणि त्यांत चरबीचे वाईट प्रमाण मिसळले की ४२ पट. याच अभ्यासाच्या नोंदींतून २००७ मध्ये आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट बाहेर आली. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९च्या आसपास. आपल्याला वेगळा, गूढ असा कुठलाच घटक लागत नाही. तेच घटक आपल्यात अगोदर जमतात.

ते अगोदर का जमतात, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यात सापडला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे आपले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. मला वाटते, भारतीय हृदयविकारावरचे दहा लेख जे सांगू शकत नाहीत ते हा एक फोटो सांगतो. वजनकाटा दोघांना सारखेच सांगत होता, आणि एकाच्या बाबतीत तो दिशाभूल करत होता.

याची सुरुवात गर्भात होते. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदी धुंडाळून १९८९ मध्ये दाखवले होते की जन्मतः कमी वजन असलेल्या मुलांना पुढे हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त असते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांची गर्भारपणाआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या या बायकांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. जवळपास पाऊण किलोचा हा फरक सगळीकडे सारखा वाटलेला नव्हता. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा बाळाला पुढे शहर मिळाले, दोन वेळा पोटभर वरण-भात-पोळी, मोटरसायकल आणि खुर्चीवरची नोकरी मिळाली, की साखर मुरवायला स्नायू अपुरे पडतात आणि चरबी पोटात, यकृतात साठू लागते. त्याच खेड्यांत पुढे आढळले की ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली आणली गेली, २३ च्या वर वजन जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. त्याहून उपयोगी आहे ती टेप. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचे. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला की सावध व्हायचे. पँटचा नंबर यासाठी भरवशाचा नाही, कारण पोट सुटले की आपण पट्टा पोटाखाली नेतो आणि नंबर तोच राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी इंडियाब पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचे पोट या रेघेच्या बाहेर होते, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह होता. मधुमेहात सर्वांत वर नाव आले ते गोव्याचे, २६.४ टक्के. म्हणजे चौघांतल्या एकाहून जास्त.

आता तंबाखूकडे येऊ, आणि इथे महाराष्ट्राने स्वतःची समजूत फार सोयीची करून घेतली आहे. २०१६-१७च्या पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण त्यात ओढणाऱ्यांचे प्रमाण अगदी थोडे आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांचे २४.४ टक्के. डॉक्टरांनी ‘स्मोकिंग करता का?’ विचारले की चुना-तंबाखूचा बार भरणारा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि केसपेपरवर तसेच लिहिले जाते. मशेरी तर व्यसनात धरलीच जात नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावून बसायचे. दात साफ करण्याच्या नावाखाली घरातल्या बाया दिवसातून दोन-तीनदा मशेरी लावतात, आणि गरोदरपणातही ती चुकत नाही. तोंडाच्या कर्करोगाबद्दल आता लोक बोलतात. पण इंटरहार्टच्या नोंदींत नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका २.२ पट आढळला, बिडी ओढणाऱ्यांत २.९ पट आणि ओढणे-चघळणे दोन्ही करणाऱ्यांत चार पट. ‘दिवसाला दोन-तीनच’ म्हणणाऱ्यांसाठीही एक आकडा आहे, दर वाढीव सिगारेटमागे धोका ५.६ टक्क्यांनी चढतो. निर्धोक अशी संख्या नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर सुपारीची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकून ही बंदी रोज मोडली जाते, हे सगळ्यांना दिसते.

रक्तदाबाबद्दल वाईट वाटते ते एवढ्याचसाठी, की तो सर्वांत स्वस्तात सापडतो आणि सर्वांत स्वस्तात आटोक्यात येतो, तरी राहून जातो. मोजण्यातच घाई होते. जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, तो बोलत असतानाच आकडा घेतात. नीट मोजायचे तर पाच मिनिटे पाठ टेकून बसायचे, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या पातळीवर, मोजताना गप्प, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात नवे औषध कुठलेच नव्हते. राज्यभर एकच साधी औषधयोजना, महिनाभराच्या गोळ्या एकदम, त्या घराजवळच्या उपकेंद्रात मिळण्याची सोय आणि न आलेल्या माणसाला फोन, एवढ्यावर काम चालले. ‘बीपी उतरलाय, गोळी बंद केली’ हे वाक्य आशाताईंना जितके ऐकावे लागते तितके दुसरे क्वचितच. गोळीमुळे उतरलेला बीपी गोळी सोडली की परत चढतो.

मिठाचे पान याच्याच शेजारी वाढलेले असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराच्या आत, राहा म्हणते. आपल्या ताटात भाजी-आमटीतले मीठ सोडून लोणचे, पापड, चटणी, सुके बोंबील, फरसाण यांचे वेगळे. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार माणसांना नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले गेले. २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मात्र नीट ध्यानात ठेवावे.

तेला-तुपाचा वाद मी थोडक्यात उरकतो, कारण त्यावर जेवढी चर्चा होते तेवढ्या चर्चेला तो पात्र नाही. शेंगदाणा, करडई, सरकी, खोबरेल यांत फरक आहेत, संतृप्त चरबी एलडीएल वाढवते आणि खोबरेल तेलही त्याला अपवाद नाही. पण महिन्याला घरात किती डबे येतात हा प्रश्न कुठल्या तेलाचा आहे यापेक्षा मोठा. निखालस वाईट ठरली ती वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट, आणि तिच्यावर जानेवारी २०२२ पासून देशात २ टक्क्यांची मर्यादा आहे. बेकरीतल्या खारीपर्यंत ती पोहोचली का, हे अन्न निरीक्षकांनी पाहायचे आहे.

व्यायामाची गोष्ट लंडनच्या दुमजली बसमधून आली. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार बराच कमी. मला त्यांचा मोठेपणा पुढच्या पावलात दिसतो. जाड माणसेच आधीपासून ड्रायव्हर होत असतील तर, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि गणवेश शिवणाऱ्या विभागातून कमरेची मापे मागवली. ड्रायव्हर खरोखरच जाड निघाले, आणि ते मॉरिस यांनी छापले. प्रत्येक जाडीच्या गटातही कंडक्टर उजवेच राहिले, तेव्हा कुठे मत घट्ट झाले.

‘ताण’ हा शब्द आपण फार सैल वापरतो, म्हणून डॉक्टरही तो मनावर घेत नाहीत. इंटरहार्टमध्ये कामाचा, घरचा आणि पैशाचा ताण, नैराश्य, आयुष्य हातात नसल्याची भावना एकत्र मोजली तेव्हा धोका २.७ पट निघाला, म्हणजे धूम्रपानाच्या जवळ जाणारा. हवेचे तसेच. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ४०. चुलीपुढे आयुष्य काढलेली बाई कधी सिगारेट ओढत नाही, तरी धूर तिच्या वाट्याला येतोच.

बायकांबद्दल स्वतंत्र बोलायला हवे, कारण त्यांच्या बाबतीत चूक सर्वांत जास्त होते. पुरुषांपेक्षा त्यांना पहिला झटका सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो, आणि या नऊ वर्षांचा ‘बायकांना होत नाही’ असा अर्थ लावला जातो. मधुमेह झाला की हे संरक्षण बरेचसे जाते. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल तर पुढे हृदयविकाराची शक्यता साधारण दुप्पट. बाळंतपणाच्या फाइलमधली ही नोंद पंचेचाळिसाव्या वर्षी तपासायला आलेल्या बाईला कुणी विचारत नाही. पाळी लवकर बंद झाली असेल तर तेही विचारावे लागते. आणि झटक्यात छातीत कळ येण्याऐवजी जबडा दुखणे, मळमळ, दम, कमालीचा थकवा अशी लक्षणे आली की ‘पित्त झालंय’ म्हणून ती स्वतःच सोडा पिऊन ओट्यापाशी उभी राहते. अशा वेळी ईसीजी काढायला उशीर झाला की स्नायू मरतो.

मग खरोखरच कुठलेही व्यसन नसलेला, पोट नसलेला, तिशी-चाळिशीचा माणूस जातो त्याचे काय? काही घरांत उत्तर रक्तात असते. लायपोप्रोटीन-ए हा कण कारे बर्ग यांनी १९६३ मध्ये ओळखला. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे वारशाने ठरते, आहार-व्यायामाने हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो मोजला जात नाही. आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे आकडे जास्तच खाली ठेवावे लागतात. काही घरांत वारशानेच एलडीएल १९० च्या वर असते. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ जनुकातला २५ अक्षरांचा लोप दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असतो, तो धमन्यांऐवजी स्नायू कमकुवत करतो. करोनानंतर तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल गावोगाव जी कुजबुज झाली तिचाही अभ्यास झाला. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंची निरोगी माणसांशी तुलना केली. लसीने धोका वाढल्याचे आढळले नाही. धोका वाढलेला दिसला तो करोनाने रुग्णालयात राहून आलेल्यांत, घरात आधी अचानक मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अंगमेहनतीचा अतिरेक केलेल्यांत.

जोखमीचा आणखी एक चकवा जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये दाखवला. सर्वाधिक धोक्यातली माणसे थोडी असतात, मध्यम धोक्यातली पुष्कळ, म्हणून एकूण झटक्यांत मध्यम माणसांचाच भरणा जास्त असतो. सगळ्यांचा बीपी, सगळ्यांचे कोलेस्टेरॉल थोडे-थोडे हलले तर मोजक्या लोकांना गोळ्या देण्यापेक्षा जास्त जीव वाचतात. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागाने हे करून दाखवले. १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांनी तिथे काम सुरू केले तेव्हा कष्टकरी पुरुष चाळिशी-पन्नाशीत पटापट जात होते. लोणी, मीठ, तंबाखू यांवर गावगाड्यातून, बायकांच्या मंडळांतून, बेकऱ्या आणि दुग्धशाळांशी बोलून काम झाले. चाळीस वर्षांत कर्त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

आपल्याकडे यातली सर्वांत सोपी पायरीही रोज चुकते. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला झटका येतो, अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, बिलाची जुळवाजुळव होते. आयसीयूबाहेर बाकावर त्याचा एकेचाळीस वर्षांचा भाऊ, बहीण आणि कॉलेजातला मुलगा तीन दिवस बसून असतात. पन्नाशीच्या आतला झटका ही त्या घरातल्या प्रत्येक रक्ताच्या नातेवाइकासाठी जोखमीची नोंद आहे. त्यांचा बीपी, साखर, लिपिड आणि एकदाच लायपोप्रोटीन-ए तपासायला त्याच इमारतीतली लॅब पुरते. डिस्चार्ज कार्डावर रुग्णाच्या गोळ्यांखाली ही एक ओळ छापायला खर्च शून्य आहे, आणि ती छापलेली कार्डे मी अजून फारशी पाहिलेली नाहीत.